मध्यंतरानंतर काय झालं

'कृपया थांबा. मागे जाऊ नका. पान बंद करू नका.'

फोनवर एवढी तंबी आली आणि खाली एक छोटं चाक गरगर फिरायला लागलं. धास्ती नावाची मुलगी थांबली. मागे गेली नाही, पान बंद केलं नाही. पण चाक काही थांबेना, तेव्हा धीर सुटून तिनं बटण पुन्हा दाबलं. व्हायचं तेच झालं. एकाच सिनेमाची दोन तिकिटं आली, शेजारशेजारच्या खुर्च्यांची, आणि दोन्हींवर लिहिलेलं की तिकीट रद्द होणार नाही. तक्रार करायला गेली तर तिथं एक यंत्र बसलेलं. त्यानं तिला 'प्रिय ग्राहक' म्हटलं, अडचण काय ते न विचारताच 'आपलं समाधान झालं का?' असं विचारलं, आणि तिनं 'नाही' लिहिताच पाचपैकी किती चांदण्या द्याल ते विचारलं.

धास्ती हे काही तिचं खरं नाव नव्हे. ते आईनं ठेवलं आणि धाकट्या भावानं टिकवलं. फोन अवेळी वाजला की हिच्या तोंडचं पाणी पळायचं. दाराला कुलूप लावून ती जिना उतरायची आणि कुलूप ओढून बघायला परत चढायची. गंमत अशी की रक्त तपासणाऱ्या लॅबच्या काउंटरवर तिच्याइतका शांत चेहरा दुसऱ्या कुणाचा नव्हता. रिपोर्ट न्यायला येणारी माणसं पाकीट उघडायच्या आधी तिच्या तोंडाकडे बघायची. मग तिनं एक चेहरा बनवून ठेवला होता, 'सगळं ठीक होईल' असा. आत काय लिहिलंय ते तिला ठाऊक असो वा नसो.

तर त्या संध्याकाळी ती थिएटरच्या दाराशी जास्तीचं तिकीट घेऊन उभी होती. लोक आपल्याला ब्लॅकवाली समजतील या काळजीनं ती ते धड दाखवतही नव्हती.

"कुणी यायचं राहिलं का?" बाजूनं आवाज आला.

पाहिलं तर एक उंच, जरा विस्कटलेला माणूस. नखांच्या कडेला काळं ग्रीस, आणि हसू मात्र अगदी स्वच्छ.

"नाही... नेट अडकलं, म्हणून दोन आली."

"म्हणजे तुमचं नेट अडकल्यामुळे माझी सोय झाली," तो म्हणाला. "माझं उलटं आहे. दुसऱ्यांचं अडकलं की माझी गैरसोय होते."

याचा अर्थ तिला अंधारात कळला. पडद्यावर नायकानं बंद पडलेल्या लिफ्टचा दरवाजा नुसत्या हातांनी फाकवला, तेव्हा शेजारून कुजबुज आली, "असा उघडत नाही तो."

"मग तुम्ही उघडून दाखवा," ती न राहवून म्हणाली. अनोळखी माणसाशी आपण असं बोललो याचं तिला लगेच टेन्शन आलं.

"रोज उघडतो. तेच काम आहे माझं."

मध्यंतराला त्याचा फोन वाजला. कुठंतरी कुणीतरी दोन मजल्यांच्या मध्ये अडकलं होतं. तो उठला, दोन पावलं गेला आणि परत आला.

"माझं दर वेळी असंच होतं. किती तरी वर्षं झाली, एकही सिनेमा शेवटपर्यंत पाहिलेला नाही. पुढं काय झालं ते सांगाल का मला... म्हणजे, फोनवर? नंबर देताना भीती वाटत असेल तर राहू दे."

भीती वाटत होतीच. तिनं नंबर दिला.

सिनेमा एका कुत्र्याचा होता. पुरात वाहून गेलेला कुत्रा गावंच्या गावं ओलांडत घराच्या फाटकापर्यंत येतो आणि फाटकाशीच प्राण सोडतो. धास्तीचा रुमाल भिजून चिंब झाला. घरी पोचते तोच त्याचा फोन. "काय झालं कुत्र्याचं? इकडं सगळं लक्ष तिकडंच होतं."

धास्तीनं तोंड उघडलं आणि काउंटरवरचा तिचा तो चेहरा तिच्या आवाजात उतरला. "पोचला घरी. सगळे रडले, पण आनंदानं."

"वा," तो म्हणाला. एवढंच म्हणाला, पण असं म्हणाला की तिला रात्रभर ते आठवून बरं वाटत राहिलं. आणि पहाटे आपण खोटं बोललो हे आठवून झोप उडाली.

मग दर आठवड्याला एक सिनेमा ठरून गेला. पहिला अर्धा दोघांचा, दुसरा तिचा एकटीचा. मध्यंतराला त्याचा फोन वाजला नाही असं क्वचितच झालं, आणि झालं त्या दिवशी दिवे मंद झाल्याबरोबर वाजला. त्याची मतं लिफ्टपुरती पक्की होती. बाकी सगळं त्याला आवडायचं. तिची मतं भरपूर होती. खलनायकाच्या घरात इतके जिने का असतात, आई खोकली की समजायचं, गाणं ऐन बोलण्याच्या वेळेलाच का येतं. तो हसायचा आणि पॉपकॉर्नचा पुडा तिच्याकडे कलता धरायचा. एकदा "तुम्ही घ्या" म्हणायच्या ऐवजी "घे ना" म्हणाला. दोघंही पडद्याकडे बघत राहिली. पुढं काय चाललंय ते दोघांनाही कळलं नाही.

"तू नेटवर का नाही वाचत शेवट?" तिनं एकदा भीतभीत विचारलं.

"केलं ना प्रयत्न. आधी ते कुकीज मान्य आहेत का विचारतात. मग सूचना पाठवू का. मग एक जाहिरात येते, तिची फुली इतकी बारीक की बोट जाहिरातीवरच पडतं. मग तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करा म्हणून मोटारसायकली ओळखायला लावतात. तेवढ्यात माझी लिफ्ट दुरुस्त होऊन लोक घरी पोचलेले असतात." तो थांबला. "आणि... तू सांगतेस तसं तिथं नसतं."

ते तर खरंच होतं. तिथं तसं कुठंच नव्हतं. एका सिनेमात नावाडी बुडाला होता, दुसऱ्यात नर्स लग्न न करताच परदेशी गेली होती, आणि तिसऱ्यात म्हाताऱ्याला मुलगी ओळखू आली नव्हती. धास्तीनं सगळ्यांना वाचवलं होतं. आता खरं सांगायचं तर कुत्र्यापासून सुरुवात करावी लागली असती, आणि तेवढं बळ तिच्या अंगात नव्हतं.

सिनेमा सुटल्यावर तो मोकळा असला तर बसस्टॉपपर्यंत तिला सोडायला यायचा. तेव्हा दोघं नेहमी लांबच्या रस्त्यानं जायची. जवळच्या रस्त्यावर त्याच्या दादाचं काचेचं दुकान होतं आणि मागंच घर. आईवडील गेल्यावर दादावहिनीनंच त्याला वाढवलं. मोठा झाल्यावर तो दुकानात बसायला लागला. मग एकदा गिऱ्हाइकांसमोर दादा म्हणाला, "तुझ्या हातून एक काम धड होत नाही." हा म्हणाला, "परत या उंबऱ्यावर पाय ठेवणार नाही." दोघेही हट्टाचे पक्के, त्यामुळे सगळा घोटाळा झाला होता.

आणि मग तो दोन भावांचा सिनेमा आला.

पहिल्या अर्ध्यात त्यानं लिफ्टचं काही काढलं नाही. पॉपकॉर्नला हात लावला नाही. मध्यंतराला फोन वाजला तेव्हा तो उठता उठता म्हणाला, "नीट बघ हं. मोठा काय करतो ते नीट बघ."

तिनं नीट बघितलं. धाकटा पावसात दाराशी उभा राहतो. मोठा खिडकीतून बघतो, आणि दिवा मालवतो. संपला सिनेमा. लोक उठले तरी ती खुर्चीतच बसून होती, फोन हातात घेऊन, तो वाजू नये असं मनात म्हणत. तो वाजला.

"दार उघडलं त्यानं," ती म्हणाली.

पलीकडं लिफ्टचा दरवाजा सरकल्याचा आवाज आला. मग, "बरं... झोप आता."

दुसऱ्या दिवशी लॅब बंद व्हायच्या सुमाराला त्याचा मेसेज आला. 'दादाकडे निघालोय. तू सांगितलंस म्हणून धीर आला. आल्यावर तुला एक सांगायचंय.'

धास्ती ताडकन उठली. तो जाणार, दाराशी उभा राहणार, दादा दिवा मालवणार, आणि हे सगळं तिच्या एका वाक्यावर. तिनं फोन लावला. 'आपण संपर्क करत असलेली व्यक्ती...' पुन्हा लावला, तेच. मेसेज लिहिला, 'जाऊ नकोस, मी खोटं बोलले'. त्याच्यापुढं एक राखाडी खूण आली आणि दुसरी येईना. टॅक्सीचं ॲप उघडलं तर ते म्हणालं, आधी ॲप अपडेट करून नवं रूप घ्या. ते घेईस्तोवर अर्धा रस्ता चालून झाला असता. नवं रूप आलं, त्यानं चार आकडे पाठवतो म्हणून सांगितलं, आकडे आले तेव्हा त्यांची मुदत संपली होती. वर विचारतंय, आमची सेवा कशी वाटली?

ती पळतच सुटली. आयुष्यात पहिल्यांदा, लॅबच्या दाराचं कुलूप ओढून न बघता.

दुकानात एक रुंद खांद्यांचा माणूस मोठ्या काचेवर पट्टी धरून काच कापायचा हिरा फिरवत होता. दुसरं कुणीच नव्हतं. येऊन गेला, हाकललं यानं त्याला, असं तिच्या मनानं ठरवूनच टाकलं.

"त्याला काही बोलू नका," ती धापा टाकत म्हणाली. "चूक माझी आहे. तो आपणहून आला नाही, मी सिनेमाचा शेवट खोटा सांगितला म्हणून आला. त्याला वाटलं मोठा भाऊ दार उघडतो. सिनेमात उघडत नाही. त्याला यायचं होतंच हो, फार दिवसांपासून यायचं होतं, पण धीर होत नव्हता. या रस्त्यानं तो चालतसुद्धा नाही..."

हिऱ्याची रेघ काचेच्या मधोमध थांबली. आतून वहिनी पदराला हात पुसत दारात आल्या.

"कोण आलं?" दादा म्हणाला. "इथं कुणी आलं नाही."

धास्तीला ब्रह्मांड आठवलं. म्हणजे त्याला काही कळायच्या आत तिनं त्याचं सगळं मन त्याच्या दादापुढं उघडं करून ठेवलं होतं.

दादा काचेकडे बघत होता. "येणार होता?" त्यानं विचारलं. "तो स्वतः म्हणाला, येतो म्हणून?"

तिनं फोन पुढं केला. त्यानं तो मेसेज वाचला. मग लांब धरून पुन्हा वाचला.

"आणि सिनेमातला मोठा काय करतो म्हणालीस?"

"दिवा मालवतो."

"गाढव आहे," दादा म्हणाला.

"एकटाच नाही तो," वहिनी म्हणाल्या.

तेवढ्यात धास्तीच्या हातात फोन थरथरला. कधीचा पाठवलेला मेसेज आत्ता पोचला होता. 'वाटेत फोन आला. चौकातल्या दवाखान्याच्या इमारतीत एक बाई लिफ्टमध्ये अडकल्यात. उशीर होणार.' लिफ्टच्या पोकळीत उतरला की त्याच्या फोनला रेंज नसायची. हे तिला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं, पण घाबरलेल्या माणसाला माहीत असलेलं कुठं आठवतं.

दादानं चपला घातल्या. "शटर तू ओढ," वहिनींना म्हणाला. "आणि भात जरा जास्त टाक."

लिफ्ट बंद, म्हणून दोघं जिन्यानं चढली. दादा दर मजल्यावर थांबून कठड्याला धरायचा आणि आपण दमलोय म्हणून नाही, असं दाखवायचा. अगदी वर, मशीनच्या खोलीबाहेर, बाई सुखरूप घरी गेल्याचं शेजारीपाजारी बोलत होते. दार उघडलं आणि तो बाहेर आला, कोपरापर्यंत ग्रीस. त्यानं तिला पाहिलं. मग तिच्या मागे पाहिलं.

हातातला पाना त्यानं एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. 

"आमच्या दुकानावरच्या इमारतीची लिफ्टही कधीची कुरकुरतेय," शेवटी दादा म्हणाला. "कुणाला बोलवावं कळत नव्हतं. धड काम करणारा माणूस मिळत नाही."

तो पटकन दुसरीकडे बघायला लागला. दादानं खिशातला रुमाल काढून त्याच्या हातात कोंबला. "तोंड पूस. काळं लागलंय." आणि घसा खाकरून म्हणाला, "मी खाली थांबतो. हिला काहीतरी सांगायचंय तुला."

दादा जिना उतरायला लागला. आता खरी वेळ आली होती. तो मेसेज पुसून टाकून तोंड बंद ठेवलं असतं तर निभावलं असतं, हेही धास्तीला कळत होतं. तिनं सांगून टाकलं.

"सिनेमात मोठा भाऊ दार उघडत नाही."

तो तिच्याकडे बघत राहिला. "आणि नावाडी?"

"बुडाला."

"नर्स... लग्न?"

तिनं मान हलवली.

"कुत्रा?"

"फाटकापर्यंतच पोचला," ती म्हणाली. तो पायरीवर खाली बसला.

"मी लोकांना सांगत सुटलोय तो कुत्रा परत येतो म्हणून," तो म्हणाला. त्याचा आवाज दुखावलेला होता. "हसत असतील मला. का केलंस असं?"

"तू विचारायचास तेव्हा इतका आशेनं विचारायचास... आणि मला वाटायचं, सगळेच मरताहेत असं सांगितलं तर पुढच्या आठवड्याला हा कशाला येईल." तिचे डोळे भरून आले होते, पण ती थांबली नाही. "मला तू यायला हवा होतास. दर आठवड्याला. सिनेमा कुठलाही चालला असता. मला तू आवडतोस, आणि मी तुझ्याशी सुरुवातीपासून खोटं बोलत आलेय. आता तू जा म्हणालास तर मी जाईन."

खालून दादाची हाक आली, जिनाभर घुमत. "अरे, ती येतेय ना जेवायला? घरी कळवायला हवं."

तो उठला. तिच्याकडे बघून काही विचारलं नाही.

"येतेय," त्यानं खाली ओरडून सांगितलं.

त्यानं हात पुढं केला, मग त्यावरचं ग्रीस बघून मागे घ्यायला लागला. तिनं तो तसाच धरला.

"रागावलोय मी अजून," तो म्हणाला.

"माहितीये," ती म्हणाली, आणि हात सोडला नाही.