कागदावरची रखमा

“आणि त्या सरकारी माणसानं तिच्या नावापुढे काय लिहिलं, माहितेय? सर्व्हंट! बाबा, सर्व्हंट!”

स्पृहानं चमचा ताटात टाकला, आणि सुरमईचं तिखलं वाढायला पुढे झालेला रखमाचा हात होता तिथेच थबकला... पळीतला रस टेबलाच्या पांढऱ्या कापडावर सांडला. एरवी त्या कापडावर एवढासा डाग पडला तरी घर डोक्यावर घेणारी लीना आज गप्प राहिली. सदानंदनं तर मान इतकी खाली घातली होती, की त्याला जणू सगळे काटे आधी निवडून मगच जेवायचं होतं. आणि हे शुक्रवारच्या सुट्टीचं जेवण होतं!

“कुणाच्या नावापुढे गं?” अखेर रखमानंच विचारलं. कुणीतरी बोलायला हवं होतं ना!

“मार्थाच्या, मावशी! माझ्या मार्थाच्या!”

स्पृहाच्या शाळेत प्रत्येक मुलीला जुन्या काळातली एकेक बाई वाटून दिली होती. तिच्यासारखा पोशाख करायचा आणि बुधवारी आईवडिलांसमोर तिचं आयुष्य सांगायचं. बारा वर्षांच्या स्पृहाच्या वाट्याला आली होती दीडशे वर्षांपूर्वीची, अमेरिकेतल्या आयोवाच्या माळरानावरची मार्था. भावाची बायको आजारी पडली म्हणून ही बाई बैलगाडीतून महिनाभर प्रवास करून त्याच्या नव्या वस्तीवर गेली. गवताची ढेकळं रचून बांधलेलं घर, हाडं गोठवणारी थंडी, टोळधाडीनं खाल्लेलं पीक... त्या सगळ्यात तिनं भावाची सहा मुलं वाढवली, स्वतःचं लग्न केलं नाही, तिथेच ती म्हातारी झाली. एका भाचीनं हे सगळं वहीत लिहून ठेवलं म्हणून कळलं तरी! नाहीतर शिरगणतीच्या कागदावर होतं काय? तिचं नाव, आणि पुढे... घरकाम करणारी नोकर.

“हाऊ कुड ही, बाबा? सख्खा भाऊ ना तो? तो माणूस दारात लिहायला आला, तेव्हा सांगायचं ना, ही माझी सिस्टर आहे म्हणून!”

“असेल काही अडचण त्या काळी,” सदानंद पुटपुटला. “जेव तू. गार होतंय.”

अडचण! रखमा स्वयंपाकघरात आली आणि उगाचच नळ सोडून उभी राहिली. तिच्या बोटांवर काजूच्या चिकानं पडलेले काळे डाग होते. चाळीस वर्षं झाली, गेले नाहीत. वेंगुर्ल्याच्या काजूच्या कारखान्यात बसून, नवरा गेल्यानंतरच्या त्या भकास वर्षांत, तिनं याच बोटांनी गर सोलून धाकट्या भावाला शिकवलं होतं. सदा अकाउंटंट झाला, बहरीनला आला, पुण्याची बँकेतली बायको केली... रखमाचं ऊर अभिमानानं भरून आलं होतं! मग थोरला मुलगा गौरव (आता तो पुण्याला शिकतो) जन्मला, लीना बाळंतपणात अंथरुणाला खिळली, आणि सदाचा फोन आला: “आक्का, तू ये. तुझ्याशिवाय कोणी नाही.”

आक्का निघाली. भावाच्या व्हिसावर बहीण सहजासहजी येत नव्हती. घरकामाच्या व्हिसावर मात्र बाई येत होती. आडनाव सासरचं, त्यामुळे कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. विमानतळावर सदानंच तिला बजावलं, “आक्का, बाहेर मला भाऊ म्हणू नकोस हं. साहेब म्हण. सहा महिन्यांचाच तर प्रश्न आहे.”

सहा महिन्यांची बावीस वर्षं झाली! आधी भीती खरी होती. खोटं उघडकीला आलं असतं तर सदाची नोकरी गेली असती, बिऱ्हाड गुंडाळावं लागलं असतं. मुलं शाळेत बोलतील म्हणून मुलांनाही सांगितलं नाही. गावची कामाला आलेली मावशी, एवढंच त्यांना ठाऊक. मग लीनाच्या बँकेतल्या मैत्रिणींना तेच सांगितलं गेलं, शेजारणींनाही तेच. हळूहळू भीती मागे पडली आणि सवय तेवढी उरली. घरातसुद्धा सदा तिला आक्का म्हणेनासा झाला. लीना तर तिला काहीच म्हणत नसे. “अहो, ऐका ना” म्हटलं की काम व्हायचं. वाईट नव्हती ती! रखमाच्या दुखण्याखुपण्याला औषध आणणारी, दिवाळीला साडी घेणारी... पण साडी घेणं निराळं आणि नणंद म्हणणं निराळं, हे त्या शिकलेल्या बाईला कळत नसेल का?

आता रखमाला साठ लागली होती. व्हिसा या खेपेला रिन्यू होणार नाही, असं कळलं होतं. गुरुवारचं तिकीट काढून झालं होतं. गावी भिंती लिंपलेलं, कुलूप लावलेलं एक घर होतं, तिथे जायचं. त्याचं दुःख नव्हतं तिला. या घरातून जाताना मुलांना एकदा, फक्त एकदा कळावं की आपण त्यांच्या रक्ताच्या आहोत... एवढीच आस उरली होती. आठवड्यापूर्वी धीर करून तिनं सदाला ते विचारलंही होतं. तो म्हणाला होता, “बघू.”

मंगळवारी दुपारी मार्थाचा झगा तयार झाला. रखमानंच शिवला होता. बाब अल बहरीनच्या बाजारातून आणलेलं तपकिरी सुती कापड, पायघोळ घेर, गळ्याशी बंद. स्पृहा स्टुलावर उभी होती आणि रखमा खाली बसून काठ दुमडत होती.

“मावशी, तुला भाऊ आहे?”

टाचणी बोटात घुसली. “आहे ना.”

“कुठे असतो?”

“लांब असतो गं...” रखमानं बोट तोंडात घातलं. “सरळ उभी राहा, घेर वरखाली होतोय.”

“तुझी आठवण येते का त्याला?”

या पोरीला काय सांगावं! रखमानं काठ दुमडून होईपर्यंत मान वर केली नाही.

बुधवारी सकाळी तीही शाळेत गेली, कारण झग्याबरोबरच्या टोपीचे बंद नीट बांधणं लीनाला जमेना. फाटकावर वॉचमननं विचारलं, “ये कौन?” आणि लीना रोजच्या सवयीनं म्हणून गेली, “हाउसमेड.” म्हणाली आणि ओठ चावला तिनं. रखमानं ते पाहिलं, पण पुढे चालत राहिली. हॉलच्या दाराबाहेर मुलांना सांभाळणाऱ्या बायांसाठी बाकं होती; तिथे ती टेकली. पाय ठणकत होते, कालपासून डोळाही लागला नव्हता. दार उघडं होतं, माइकवरचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता.

स्पृहा इंग्रजीत बोलली. बावीस वर्षांत एवढं इंग्रजी रखमाला कळू लागलं होतं. टाळ्या झाल्या. मग वर्गाच्या बाईंनी विचारलं, “मार्थाचा भाऊ इथे समोर असता, तर तू त्याला काय विचारलं असतंस?”

स्पृहानं माइक जवळ ओढला. मग तिचा बारीक आवाज आला. तो लिहिणारा माणूस तर एकच दिवस आला होता ना? मग बाकीच्या दिवसांत, घरात, जेवताना, तू तिला बहीण का नाही म्हणालास?

रखमानं डोळे मिटून घेतले. अरे देवा, या लेकराच्या तोंडून काय वदवलंस!

आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. कुणीतरी घाईघाईनं बाहेर येत होतं... डोळे उघडले तो समोर सदानंद! पन्नाशीचा, टाय लावलेला, इतका मोठा बाप्या, आणि चेहरा मात्र शाळेत नापास झालेल्या पोरासारखा पडलेला. तो बाकावर त्या सगळ्या बायांच्या ओळीत तिच्याशेजारी बसला, तिचे दोन्ही हात धरले, आणि कित्येक वर्षांत ओठांवर न आलेली गावची बोली त्याच्या तोंडातून बाहेर पडली.

“आक्का... माका माफ कर गो! माका माफ कर!”

“साहेब, लोक बघताहेत,” रखमा जिभेच्या सवयीनं बोलून गेली.

तो शब्द ऐकला आणि सदानंद ओक्साबोक्शी रडू लागला. “साहेब म्हणा नको गो! तुझ्या पाया पडतंय, माका साहेब म्हणा नको!”

“बाबा?” झग्याचा घेर सावरत स्पृहा दारात उभी होती, तिच्यामागे लीना. “बाबा, मावशीला तुम्ही आक्का का म्हणताय?”

सदानंदनं डोळे पुसले नाहीत. “स्पृहा, ही माझी सख्खी बहीण. तुझी आत्या. आम्ही... मी तुम्हाला सांगितलं नाही.”

मुलीनं डोक्यावरची टोपी ओढून काढली. बापाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. “म्हणजे आत्ता तिथे उभी राहून मी... तुमच्याबद्दल बोलत होते?” आणि तिला रडू कोसळलं. ती बापाकडे गेली नाही, आईकडेही नाही. रखमाच्या मांडीत तोंड खुपसून हुंदके देत राहिली.

“मी आजच जातंय ऑफिसात,” सदानंद म्हणाला. “सगळा खरा सांगतंय. काय होयत तां होवंदे.”

“गप बस!” रखमाचा आवाज थकलेला होता, पण मोठ्या बहिणीचा होता. “उद्या कागद संपताहा माझो, आणि तू आज नोकरी घालवून येतलस? आजपर्यंत मी गप रवलंय ता कित्याक? पोराक सांगलंस, माका पुरे झाला.”

मनातून तिला वाटत होतं, की आता आनंद व्हायला हवा. इतकी वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली, तो आला की! पण आनंद नव्हता, रागही वर येत नव्हता. होता तो नुसता शीण... हाडांत मुरलेला, बावीस वर्षांचा शीण.

घरी आल्यावर ती सवयीनं स्वयंपाकघराकडे वळली. लीना आडवी आली.  तिनं रखमाचा हात धरला.

“मी... मी फाटकावर आजसुद्धा... मला क्षमा करा.”

“क्षमा कसली मागतेस, लीना?” रखमा म्हणाली. “राग आहे माझ्या पोटात, खोटं कशाला बोलू? बक्कळ आहे. पण तो काढण्याइतकंही त्राण उरलं नाही बघ. मला जरा आडवं होऊ दे.”

आणि ती दिवाणखान्यातल्या सोफ्यावर आडवी झाली. ज्या सोफ्याची खोळ ती दर आठवड्याला धूत आली होती, त्यावर ती पहिल्यांदाच पाठ टेकत होती. कुणी पंख्याचा वेग कमी केला, कुणी पडदा ओढला. पायांशी स्पृहा येऊन बसल्याचं तिला जाणवलं. सदा कुणालातरी हळू आवाजात फोनवर सांगत होता, की मी उद्या वेंगुर्ल्याला चाललोय, बहिणीला घरी पोचवायला. डोळ्यांवर गुंगी दाटून आली...

तेवढ्यात बेल वाजली. रखमाचं अंग आपोआप उठायला लागलं, पण स्पृहानं तिचे पाय घट्ट धरून ठेवले. दार लीनानं उघडलं. शेजारच्या व्हिलातली बिल्किस होती. तिच्याकडे पाहुणे आले की ती नेहमी यायची.

“लीना, ज़रा रखमा को भेज दो ना, आधे घंटे के लिए. मेहमान आ रहे हैं.”

“धीरे बोलिए,” लीना म्हणाली. “मेरी ननद सो रही हैं.”

“ननद? अरे, बताया नहीं! कब आईं इंडिया से?”



“बाईस साल हो गए,” लीना म्हणाली.

रखमानं डोळे उघडले नाहीत. तिनं कूस बदलली, उशीवर गाल टेकवला, आणि ती झोपली.