कुणाच्या नावानं तापवलंस?

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर इथेच थांबा, पण मला खोटं पाडायला येऊ नका. ते चित्र अजून भिंतीवर आहे. ज्याची छाती असेल त्यानं येऊन बघावं.

आणि हो, रात्रबित्र काही नव्हती. शरदातला गुरुवार होता, भर दुपार. जागा म्हणजे आमच्या गावच्या शेवटच्या कालव्यापलीकडे, जिथे किझिलकुम वाळवंटाची वाळू सुरू होते, तिथल्या आटलेल्या विहिरीजवळचा खळगा.

हे घडलं ते माझ्या सख्ख्या काकूच्या बाबतीत. सार्बिनाज तिचं नाव. शाळेत चित्रकला शिकवायची आणि उरलेल्या वेळात तैलरंगांत वाळवंट रंगवायची. तेही कसं? वाळू जांभळी, सावल्या निळ्या, आभाळ जर्दाळूच्या रंगाचं. जवळून बघाल तर नुसते रंगाचे फटकारे. माझे वडील, ओतेनियाज, तिचे थोरले दीर. ते फार हसायचे.

"अगं केलिन," ते म्हणायचे. घरच्या सुनेला आमच्यात केलिन म्हणतात. "वाळू कधी जांभळी असते का? उन्हानं डोकं फिरलंय तुझं!"

"भाऊजी, जरा मागे सरका आणि मग बघा. नाक लावून काय बघताय? खरबूज आहे का ते?"

अशी होती काकू. जिभेला धार.

तिचा नवरा, माझा कुवनिश काका, ट्रक चालवायचा. सोव्हिएत राज्य मोडलं त्या हिवाळ्यात तो वाळवंटातून जळण आणायला गेला, तो परत आलाच नाही. ट्रक त्याच खळग्यात सापडला. दार उघडं. थर्मासमधला चहा अजून कोमट.

पण माणूस नाही. आणि वाळूत पावलंही नाहीत…

वर्षं गेली. सगळे म्हणू लागले, तो गेला, आता त्याचं करून टाका. आमच्यात दर गुरुवारी बायका मेलेल्यांसाठी तेल तापवतात, सात शेल्पेक तळतात. पातळ पोळ्याच त्या. पोळ्या शेजारीपाजारी खातात. मेलेल्याला पोचतो तो तेलाचा वास. पण पहिली पोळी सोडण्याआधी त्याचं नाव घ्यावं लागतं. बिननावाच्या वासावर कुणीही येऊन बसतं.

काकूनं काकाच्या नावानं कधी तेल तापवू दिलं नाही. मुळात तिनं त्याचं नावच कधी तोंडातून काढलं नव्हतं. जुन्या रीतीची बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. तिची सासू बिबीसारा, जिला आम्ही सगळे एने म्हणायचो, ती लेकाचं नाव निघालं की जेवण टाकून उठायची. त्यामुळे घरात ते नाव घ्यायचं सगळ्यांनीच सोडलं होतं.

"किती दिवस हट्ट करणार?" वडील म्हणाले. "नाव घे, सात पोळ्या तळ, मोकळं कर त्याला."

"आधी हाडं आणून दाखवा. मग सात काय, सत्तर तळते!"



त्या गुरुवारी काकू गाढवावर सामान लादून खळग्यात गेली. तोच खळगा ती दरवर्षी रंगवायची. रंगात मिसळायचं जवसाचं तेल फार पातळ होतं. एरवी ती बाटली उन्हात ठेवून ते दाट करायची, पण शरदातलं ऊन ते कसलं, मरतुकडं. तिनं दगड मांडले, काटक्या पेटवल्या आणि डब्यात तेल तापत ठेवलं.

गुरुवारी. नाव न घेता.

तिला सुचलंच नाही हो! ते रंगाचं तेल होतं, तळणाचं थोडंच होतं? पण वासावर येणाऱ्याला काय त्याचं?

आधी वारा पडला.

मग गाढवाचं चघळणं थांबलं. त्याचे कान विहिरीकडे वळले.

मग… ट्रकचं दार लावल्याचा आवाज आला.

धप्प.

काकूनं वर बघितलं. ट्रक कुठला? तो तर कधीच भंगारात गेला होता. भास झाला असेल म्हणून तिनं दोन फटकारे आणखी मारले, आणि चित्र कसं दिसतंय ते बघायला मागे सरकली.

चित्रात… विहिरीच्या काठावर एक माणूस बसला होता.

पाठमोरा. गुडघे पोटाशी घेऊन, थंडी वाजल्यावर बसतात तसा.

तिनं तो काढला नव्हता. जवळ गेली, तर तिचेच निळे-जांभळे फटकारे. मागे आली… बसलेला. खऱ्या विहिरीकडे बघितलं. तिथे कुणीच नव्हतं.

"रंगारीण…"

आवाज मागून आला. चुलीपासून.

रंगारीण म्हणून तिला एकच माणूस चिडवायचा.

"कुणाच्या नावानं तापवलंस गं?"

ती वळली नाही. पुढे माझ्या आईला म्हणाली, "वळले असते आणि मागे कुणी नसतं, तर मी तिथेच मेले असते."

"भूक लागलीय… नाव घे."

नाव अगदी जिभेवर आलं होतं. घेतलं तर तो पोटभर जेवणार. पण मग तो मेला. कायमचा, आणि तेही हिच्या तोंडून.

आणि मग काकूला राग आला. दीर तेच म्हणतो, मुल्ला तेच म्हणतो, अख्खं गाव तेच म्हणतं, आणि आता हाही तेच!

"नाही घेत, जा!" ती ओरडली. "तू तोच असशील तर तुझं नाव तुला माहीत असेल. मला कशाला विचारतोस?"

नुसतं तेल चुरचुरत होतं.

"…विसरलो."

आणि मग, अगदी हळू…

"कुणी हाकच मारत नाही."

काकू वाळूत बसून ढसाढसा रडली. भीतीनं नाही. तो काका होता, की त्याचा आवाज घेऊन आलेलं दुसरंच कुणी, हे तिला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळलेलं नाही. रडून झाल्यावर तिनं डोक्याच्या रुमालानं तोंड पुसलं.

"माझ्या चुलीवरून उपाशी कुणी जायचं नाही," ती म्हणाली. "पण त्याचं नाव मी देणार नाही. तो दारात उभा राहील तेव्हाच घेईन. तुला नाव नाही ना? माझं घे. सार्बिनाजच्या नावानं तापवलंय. खा."

जिवंत माणसाच्या नावानं! हे ऐकून आमच्या म्हाताऱ्या अजून धसक्यानं स्वतःची गळपट्टी धरतात.

त्याच क्षणी जाळ विझला. काकूनं डबा उचलून बघितला. तेल होतं तितकंच होतं.

वास मात्र… अजिबात नव्हता.

तिच्या जागी मी असते तर गाढवाच्या आधी घरी पोचले असते. ही बया त्याच तेलात रंग कालवून चित्र पुरं करत बसली.

संध्याकाळी एनेनं स्वयंपाकघरातून हाक मारली, "सार्बिनाज, नान काढ गं भट्टीतून!"

काकूनं तोंड उघडलं. पण त्याआधीच…

"ओ…"

कालव्यापलीकडून. पुरुषाचा आवाज.

एनेच्या हातातलं पातेलं पडलं. ती दाराशी गेली. वाळवंटाकडे बघत किती तरी वेळ उभी राहिली. मग लहान पोरीसारखं विचारलं, "अजून एकदा मारू का?"

"मारा ना," काकू म्हणाली.

त्यानंतर मरेपर्यंत एने रोज संध्याकाळी दारात उभी राहून सार्बिनाज म्हणून हाक मारायची. काम काही नसायचं.

गावानं मात्र ते नाव घ्यायचं टाकलं. वडील तावातावानं आले. "जाळ ते चित्र! आणि नाव परत घे!"

"नाव माझं आहे, वाटेल त्याला देईन. आणि चित्राला हात लावून तर बघा, भाऊजी."

वडिलांनी चित्राकडे बघितलं. दारातून, लांबूनच. त्यांनी तिथे काय बघितलं ते आम्हाला कधीच सांगितलं नाही. टोपी विसरून घरी आले.

काकू आता थकलीय. मागच्या वर्षी मी धीर करून विचारलं, "काकू, उद्या तू गेल्यावर तुझ्या नावानं तेल तापवायचं ते मलाच. मग खायला येणार कोण?"

ती ब्रश पुसत होती. हसली.

"दोघं येऊ. कणीक जरा जास्त मळ."

दोघं म्हणजे कोण, ते विचारायची माझी छाती झाली नाही.