समुद्रानं जायचं की रस्त्यानं?

दारावर चांगलं ठळक अक्षरांत ‘ढकला’ लिहिलं होतं. ती आपली ओढत होती. एका हातात मिटलेली, ठिबकणारी छत्री, दुसऱ्या हातात दाराची मूठ... आणि काचेपलीकडे एक तरुण हातवारे करून सांगतोय, ढकला, ढकला! तिला वाटलं, हा मुद्दामच आपल्याला आत घेत नाहीये. शेवटी त्यानंच आतून दार ओढलं, आणि बाईसाहेब छत्रीसकट जवळजवळ त्याच्या अंगावर!

“सॉरी,” तो म्हणाला. “म्हणजे... चूक तुमची आहे, पण सॉरी.”

त्याच्या बोटांना डिंक लागलेला होता. शोकेसमधल्या खेळण्यातल्या जहाजाचं धुराडं निखळलं होतं, ते तो चिकटवत होता. छत्री सावरताना तो डिंक छत्रीच्या मुठीला लागला, मुठीवरून तिच्या तळव्याला. दोघांनी एकदम हात मागे घेतले. मग दोघंही कारण नसताना हसले.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्हीही पुढं फसाल. ही बया गिऱ्हाईक नव्हतीच. गिऱ्हाईक बनून दुकानात जायचं, विकणारा कसा बोलतो ते बघायचं आणि त्याच्या वरच्यांना गुपचूप कळवायचं, ही तिची नोकरी. कामाला अगदी योग्य माणूस. घरी तिला सगळे ‘फौजदार’ म्हणायचे. दूधवाल्यानं आज दूध चांगलं आहे म्हटलं तरी ही विचारणार, “कशावरून?”

असा स्वभाव काही उगाच होत नाही. एका माणसानं दोन वर्षं तिला “पुढच्या महिन्यात घरी येतो, तुझ्या आईशी बोलतो” असं सांगितलं होतं. तो बोलला, पण दुसऱ्याच मुलीच्या आईशी. तेव्हापासून गोड बोलणाऱ्या माणसाकडे फौजदार अशी बघायची, जणू त्याच्या खिशात आपलंच पाकीट आहे.

हे दुकान सहली विकणाऱ्या एका कंपनीचं होतं, आणि कंपनीचा हुकूम स्पष्ट होता. येईल त्याला आधी क्रूझ दाखवायची. वरचे खर्च कुणी विचारल्याशिवाय सांगायचे नाहीत. ज्या दोघांनी हे पाळलं नाही, त्यांना कंपनीनं घरी बसवलं होतं. हा काउंटरवाला कसा वागतो, ते फौजदारनं बघायचं होतं.

“लग्न ठरलंय माझं,” तिनं पाठ केलेलं सांगितलं. “लग्नानंतर आठवडाभर कुठंतरी जायचंय. क्रूझनं जावं की जमिनीवरची सहल घ्यावी, कळत नाहीये. यांना वेळ नसतो, म्हणून मीच चौकशी करतेय.”

“अभिनंदन,” तो म्हणाला. जरा उशिराच म्हणाला. “जाहिरातीतली किंमत बघून आलात ना? ती बिनखिडकीच्या केबिनची आहे. सकाळ झाली की रात्र, ते घड्याळात बघावं लागतं.”

“आणि खिडकी हवी असेल तर?”

“जादा पैसे. बाल्कनी हवी असेल तर त्याहून जादा. टिप वेगळी, इंटरनेट वेगळं, बंदरावर उतरून शहर बघायचं तर त्याची बस वेगळी. जेवण मात्र भरपूर, तेवढं खरं.”

तिच्या मनात पाल चुकचुकली. “म्हणजे जमिनीवरची सहल स्वस्त?”

“तसंही नाही. तिथं हॉटेलचा दर कमी दिसतो, पण प्रत्येक कॉफी, प्रत्येक टॅक्सी खिशातूनच जाते. शेवटी बेरीज साधारण तेवढीच येते. रोज बॅगा भरा, रोज उपसा, ते आणखी वर.”

“मग फरक काय?”

त्यानं पेन खाली ठेवलं. “तुम्हाला काय आवडतं, तो फरक.”

अरे वा! फौजदार मनात म्हणाली. विकायला बसलेला माणूस आणि वस्तूचे दोष सांगतोय? इथं पाणी कुठंतरी मुरतंय.

घरी आल्यावर वहिनीनं विचारलं, “कसा आहे?”

“फार खरं बोलतो.”

“मग वाईट काय त्यात?”

“तेच तर! कोण बोलतं इतकं खरं?”

“बरं,” वहिनी भाजी निवडता निवडता म्हणाली, “आणि तुमचे हे सत्यवान दिसायला कसे आहेत?”

“मी तिकडं बघायला गेले नव्हते,” फौजदार म्हणाली. छत्रीची मूठ अजून चिकट होती. ती तिनं धुतली नव्हती, पण ते तिनं वहिनीला कशाला सांगावं?

नियमानं चौकशीसाठी आणखी दोनदा जायचं होतं. ती चारदा गेली. एकदा खिडकीच्या केबिनचं विचारायला, एकदा डोंगरातल्या मुक्कामाचं विचारायला, आणि उरलेल्या दोन वेळा... जाऊ दे, तिलाही कारण नीट सांगता आलं नसतं. पाऊस असला की तो तिची छत्री घेऊन पंख्याखाली उघडून ठेवायचा. तिच्यासाठी मशीनमधून चहा आणायचा आणि म्हणायचा, “हा मात्र खरंच वाईट आहे.” ती सवयीनं विचारायची, “कशावरून?” एकदा कागद दाखवताना दोघांची बोटं एकाच ओळीवर आली. ओळ होती ‘रद्द केल्यास पैसे परत मिळणार नाहीत’. त्यानं बोट काढलं नाही... आणि तिनंही.

“जहाज बंदरात किती वेळ थांबतं?” तिनं घाईघाईनं विचारलं.

“सकाळी लागतं, संध्याकाळच्या आत निघतं.”

“म्हणजे रात्रीचा बाजार नाही? गल्लीबोळांतून उगाच रेंगाळणं नाही?”

“नाही. जहाज कुणासाठी थांबत नाही.” तो हसला. “नुसता समुद्रच अनुभवायचा असेल ना, तर समोरच्या धक्क्यावरून फेरीबोट सुटते. चहाच्या पैशात पलीकडच्या किनाऱ्यावर, आणि तसंच परत. सामान भरायला नको, उपसायला नको.”

“तुम्ही जाता?”

“एकट्यानं काय जायचं?” तो म्हणाला, आणि मग एकदम कागद आवरायला लागला. “एक विचारू? इतक्यांदा आलात. त्यांना... तुमच्या होणाऱ्या मिस्टरांना काय आवडतं, ते एकदाही बोलला नाहीत. बोट लागते का त्यांना? डोंगर चढतात का? काहीच नाही.”

“ते फार बिझी असतात.”

“एवढे?” त्याच्या आवाजात पहिल्यांदाच धार आली. “माझं ऐका. इतक्यात काही बुक करू नका. क्रूझ नको, हॉटेल नको, काहीच नको. आधी त्यांना एकदा इथं घेऊन या.”

त्या रात्री फौजदारला झोप येईना. हा कोण लागून गेला आपल्या होणाऱ्या नवऱ्याबद्दल शंका घेणारा? तो नवरा मुळात नव्हताच, हे तिच्या बऱ्याच वेळानं लक्षात आलं. मग खरी शंका वर आली आणि ती जास्त वाईट होती. याला कळलंय का, आपण कोण आहोत ते? तपासणीवाली म्हणून ओळखून हा प्रामाणिकपणाचं नाटक करतोय का? तसं असेल तर तो चहा, ती छत्री, ते बोट... सगळं कंपनीच्या खात्यावर. आणि ती मात्र खरीखुरी त्याच्यात गुंतली होती. आता तर स्वतःशीही नाकारण्यात अर्थ नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिनं वहिनीलाच पाठवलं. “तू खरंच चौकशी कर. आठ दिवसांची सुट्टी, तू, दादा, दोन पोरं आणि आई. बघू काय सांगतो.”

वहिनी परत आली ती उड्या मारतच. “अगं, क्रूझच घ्या म्हणाला! बिनखिडकीची केबिनसुद्धा चालेल म्हणाला. मी तर ठरवलंय बाई. तुझ्या दादाला सांगून टाक.”

फौजदारला वेगळं सांगणं आणि वहिनीला वेगळं! म्हणजे संशय खरा ठरला. आयुष्यभर ही बाई आपले संशय खरे ठरले की खूश व्हायची. आज पहिल्यांदाच तिला रडू आलं.

तशीच ती दुकानात गेली. दार ढकलायचं की ओढायचं, बघितलंसुद्धा नाही.

“खोटारडे आहात तुम्ही!”

तो उठून उभाच राहिला. “काय झालं?”

“मला सांगितलंत बिनखिडकीची केबिन म्हणजे तुरुंग. आणि आज माझ्या वहिनीला तीच गळ्यात मारलीत! हिरवी ओढणी, दोन मुलं, आठवतंय?”

“त्या तुमच्या वहिनी?” तो गोंधळला. “अहो, पण त्यांना क्रूझच फायद्याची आहे. आल्या आल्या म्हणाल्या, आठ दिवस मला कुणी ‘आज जेवायला काय करतेस’ विचारलं नाही की झालं. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना रोज हॉटेल बदलणं झेपणार नाही. पोरांना जहाजावर खेळायला आहे. केबिनमध्ये त्या फक्त झोपायला जाणार, खिडकी हवीय कुणाला? आणि तुम्ही... तुम्हाला गल्लीबोळांतून रेंगाळायचंय. तुम्हाला जहाजावर बसवलं असतं तर तुम्ही कप्तानालाच ‘कशावरून’ विचारलं असतंत. पैसे तेवढेच, हो. पण एकीचे वसूल होतात आणि दुसरीचे बुडतात. दोघींना एकच कसं सांगू?”

हे इतकं सरळ होतं की भांडायला काही उरलंच नाही. म्हणून तिनं नको तेच बोलून टाकलं. “हे सगळं तुम्ही मी तपासणीवाली आहे हे ओळखूनच केलंत ना?”

मशीनमधून चहाचा एक थेंब टपकला.

“तपासणीवाली?” तो हळूच म्हणाला.

त्याचा चेहराच सांगत होता. त्याला काहीही, काहीही माहीत नव्हतं.

“तुमच्या कंपनीनंच...” ती म्हणाली, “मला पाठवलंय.”

“म्हणजे ते येणं, ते हसणं,” तो म्हणाला, “तेही नोकरीतच येतं?”

“नाही हो. आणि ते होणारे मिस्टर... तसं कुणीच नाहीये. कधीच नव्हतं.”

क्षणभर त्याच्या ओठांचा कोपरा हलला. मग तो पुन्हा गंभीर झाला. “हे तरी खरं कशावरून?”

स्वतःचाच प्रश्न असा अंगावर आला की फार लागतो. ती छत्री तिथंच विसरून पावसात निघून गेली.

खरं लिहिलं असतं, तर ‘आधी क्रूझ दाखवली नाही’ एवढ्यावर त्याची नोकरी गेली असती. खोटं तिला लिहिता येत नव्हतं. म्हणून ती तिच्या ऑफिसातल्या मोठ्या बाईंसमोर जाऊन उभी राहिली. “मी त्याला माझी ओळख सांगून बसले. ही तपासणी बाद करा.”

“तू?” बाईंचा चष्मा नाकावर घसरला. “फौजदार, तू?”

“हो, मीच.”

तपासणी बाद झाली. तिचे पैसे गेले आणि सहलीच्या कंपन्यांची कामंही गेली. यापुढे चपलांची दुकानं तपासायची, असं ठरलं. तिला फारसं वाईट वाटलं नाही. उद्या कंपनी दुसरं कुणी पाठवील आणि तो वेडा पुन्हा खरंच बोलेल, याची मात्र तिला खात्री होती. कुठल्या माणसाची अशी खात्री वाटून तिला किती वर्षं झाली होती!

मग एका दुपारी तिनं ते दार नीट ढकललं आणि काउंटरसमोर बसली.

“सहलीची चौकशी करायचीय.”

त्यानं मान वर केली नाही. “किती जण?”

“दोन.”

“दुसरं कोण?”

“तुम्ही. या रविवारी संध्याकाळी, फेरीबोट. सामान म्हणजे एक छत्री. ती तुमच्याकडंच आहे.”

आता मात्र त्यानं वर बघितलं. “तपासणीत माझ्याबद्दल काय लिहिलंत?”

“काहीच नाही. ती बाद झाली, मीच करायला लावली. पटत नसेल तर शहानिशा करा.”

“बघतो,” तो म्हणाला. येतो म्हणाला नाही.

रविवारी ती धक्क्यावर लवकरच पोचली. रिमझिम चालूच होती. ‘बघतो’ म्हणणारी माणसं येत नाहीत, हे तिला अनुभवानं ठाऊक होतं. नाहीच येणार तो. तरी ती तिकिटाच्या खिडकीशी गेली. आलाच, आणि तिकीट नाही म्हणून परत गेला तर? बोटीनं एक भोंगा दिला. माणसं चढायला लागली. ती तिथंच भिजत उभी राहिली, आणि अचानक डोक्यावरचा पाऊस थांबला. वर तिचीच छत्री होती.

“कधी आलात?” तिनं विचारलं.

“तुमच्या आधी. त्या खांबामागं उभा होतो.” त्याचे कान लाल झाले होते. “म्हटलं, बघावं... एकट्या येताय की कुणी लिहून घ्यायला बरोबर आहे.”

“माझ्यावर संशय?”

“तुमच्याकडूनच शिकलो.”

ती हसली, आणि हसता हसताच तिनं बोलून टाकलं, नाहीतर ते राहूनच गेलं असतं. “मला तुम्ही आवडता. हे कामाचं नाहीये.”

“कशावरून?”

तिनं मूठ उघडली. आत दोन तिकिटं होती, घामानं ओलसर. “तुम्ही याल याची खात्री नव्हती. तरी दोन काढली.”

त्यानं खिशात हात घातला आणि तिच्या तळव्यावर, त्या दोन तिकिटांशेजारी, आणखी दोन तिकिटं ठेवली. तीही चुरगळलेली.

ती त्या चार तिकिटांकडे बघतच राहिली. “आता हो? ही आजच्या दिवसापुरतीच चालतात. दोन फुकट गेली.”

“फुकट कशाला?” तो म्हणाला. त्यानं तिची बोटं तिकिटांवर मिटली आणि आपला हात तसाच वर ठेवला. “पलीकडं जाऊ, परत येऊ आणि पुन्हा जाऊ.”

या वेळी तिनं कशावरून ते विचारलं नाही.