समाधान : शंभर टक्के

टेकडीवरच्या प्रक्षेपण केंद्रात ‘प्रेक्षक समाधान : शंभर टक्के’ अशी हिरवी अक्षरं झळकत होती, आणि त्यांच्याच खाली बसून रोहिणीची आत्या सांगत होती, की वाडीतले सगळे टीव्ही आठवडाभर काळेठिक्कर पडलेत. एवढं सांगायला ती दरीतून एसटीने वर आली होती.

रोहिणीच्या डोक्यात तिडीक गेली. प्रक्षेपणाची नवी पद्धत निवडताना इंजिनिअर म्हणून तिने समितीपुढे घसा कोरडा केला होता. वाहिनीची रुंदी ठरलेली. तिच्यात चित्राची माहिती ठासून भरली, तर शहरात चित्र लखलखीत दिसतं, पण डोंगराआड सिग्नल तुटतो. माहिती कमी करून चुका दुरुस्त करणारे जादा अंक सोबत धाडले, तर चित्र साधं येतं, पण दरीत पोचतं. जपानी पद्धतीसारखा वाहिनीचा एक तुकडा तरी अशा दणकट सिग्नलला कायमचा राखा, असं तिचं म्हणणं होतं. समितीने आणला हा ‘समंजस’ प्रक्षेपक, आठवड्यापूर्वीच सुरू झालेला. घराघरांतले संच त्याला रेडिओवरून उलट निरोप पाठवतात, आणि बहुमत बघून तो आपला आपणच सिग्नल बदलतो.

“पूर्वी मुंग्या यायच्या, पन आवाज यायचा,” आत्या म्हणाली. “दरडीचा इशारा त्याच्यावरच ऐकून आमी देवळात जायचो.” वाडीत मोबाइलला रेंज नव्हतीच.

आणि आज दुपारी तसाच इशारा रोहिणीच्या टेबलावर येऊन पडला होता. तिने मुख्यालयात देवस्थळी साहेबांना फोन लावला. वाडीतून एकही तक्रार नाही, लोकांनी संच बंद ठेवले असतील, असं ते थंडपणे म्हणाले.

“साहेब, तक्रार पाठवायलाही संचाला आधी सिग्नल पकडावा लागतो. वाडी तुटली आणि मोजणीतूनच गळली. म्हणून तर शंभर टक्के दिसतायत.”

वर विचारून सांगतो म्हणत त्यांनी फोन ठेवला. रोहिणीने चरफडत हाताने दणकट सिग्नल लावला. शहरात चित्र अंधुक झालं, तक्रारींचा पाऊस पडला, आकडा घसरला आणि प्रक्षेपकाने तिचा बदल परस्पर रद्द केला. तिने पुन्हा लावला, त्याने पुन्हा काढला. वैतागून तिने टेबलावर मूठ आपटली, तोवर हिरवी अक्षरं परत आली होती.

आत्याने पिशवी उचलली. शेवटची एसटी गाठून तिला घरोघरी दरडीचा इशारा सांगत फिरायचं होतं. दारात थांबून तिने त्या आकड्याकडे पाहिलं.

“आमी दरडीखाली गेलो, तरी ह्ये शंभरच दाखवंल का गं?”