शनिवारी चारच्या आत

ड्युसेलडॉर्फच्या जपानी वर्गात पहिल्याच दिवशी एक जण माझी छत्री घेऊन निघाला होता. मी दारात अडवलं. "अरे देवा," तो मराठीत पुटपुटला. मीही मराठीतच म्हटलं, "छत्री ठेवा खाली."

तो सत्यजित. जपानी कंपनीत इंजिनीअर. मी सॉफ्टवेअरमधली, हौसेने शिकणारी आणि स्वभावाने संशयी. माणूस फार गोड हसला की मी आधी त्याच्या बोटात अंगठी शोधते. त्याच्या बोटात नव्हती. तेवढ्यावर चार महिने त्याच्या शेजारी बसले आणि… प्रेमात पडले. त्याला अर्थातच सांगितलं नाही.

वर्ग संपताना आम्हाला एक जपानी गोष्ट रंगमंचावर करायची होती. दंतकथा मूळची ग्रीक. राजाने मृत्युदंड दिलेला एक जण बहिणीचं लग्न लावायला गावी जातो. तो परतेपर्यंत त्याचा मित्र ओलीस राहतो. सत्यजित जाणारा, मी ओलीस.

आणि प्रयोगाला आठ दिवस असताना तो म्हणाला, "पुण्याला चाललोय. बहिणीचं लग्न आहे."

"गोष्टीतलंच कारण मला देतोस?"

"गेनाऊ, अगदी तेच. पण खरं आहे गं. शनिवारी चारच्या आत येतो."

"नाही आलास तर?"

"तर तुझं मुंडकं उडवतील," तो हसला. मला हसू आलं नाही.

बुधवारी त्याने स्टेटस टाकलं. डोक्याला फेटा, आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकलेली नवरी. नवरदेव कुठेच नाही. तो फोटो मी इतका मोठा करून पाहिला की नथीतले मोती मोजून झाले. विचारायची मात्र हिंमत होईना. शुक्रवारी त्याचा फोनही लागला नाही.

शनिवारी चारला सेन्सेईंनी, म्हणजे आमच्या बाईंनी, माझे हात ओढणीने बांधले. चार वाजून दहा झाले. लोक कुजबुजू लागले. हात सुटले की आधी त्याचा नंबर उडवायचा, मी ठरवून टाकलं.

तेवढ्यात दार उघडलं. चिंब भिजलेला सत्यजित सूटकेससकट धावत वर चढला. टाळ्या पडल्या, लोकांना ते नाटकातलंच वाटलं.

गोष्टीच्या शेवटी दोघे मित्र कबूल करतात, की एकदा मनात संशय आला होता. मग एकमेकांना एकेक थप्पड मारतात आणि मिठी मारतात. माझे हात सोडवत तो जपानी वाक्य बोलला, मग हळूच मराठीत, "विमानतळावरून येताना गाडी मध्येच थांबली तेव्हा वाटलं… तू वाट बघणार नाहीस. मार मला."

"तुला एकदाच वाटलं? मला बुधवारपासून वाटतंय. त्या फोटोत नवरदेव कुठे होता?"

"फोटो त्यानेच काढला, कौमुदी."

मला इतकं हलकं वाटलं, की थप्पड राहूनच गेली. मी त्याचा कान धरला आणि चांगला पिळला.

"हे गोष्टीत नाहीये," तो कळवळला. "ही कानपिळी. बुधवारी मीच पिळला मेव्हण्याचा, बहिणीला नीट सांभाळ म्हणून. हे काम नवरीच्या भावाचं असतं."

"माहितीये. पण मला भाऊ नाही ना… म्हणून मीच पिळतेय."

मान वळवून त्याने दुसरा कान पुढे केला.