शेजारचा खंड

बसा सगळे. पण आधी या धाकटीला विचारा, जेवताना काय म्हणाली ते पुन्हा सांग म्हणावं. कॉलेजच्या प्रकल्पाच्या शेवटी बेचाळीस संदर्भ दिलेत बाईसाहेबांनी. त्यातले किती लेख डोळ्यांनी पाहिलेस, असं विचारलं तर म्हणते, "पाहायचे कशाला मामा? सगळे एकमेकांच्या यादीतून उचलतात." आणि वर दात काढते. ठीक आहे. अंगावर काहीतरी घे आणि इकडे सरक. गच्चीवरचा तो दिवा राहू दे, बंद नको करू.

मी एकतीस वर्षं विद्यापीठाच्या ग्रंथालयात बाइंडर होतो. तुमच्या आईच्या मते माझं आयुष्य खळ आणि सुईदोऱ्यात वाया गेलं. गेलं असेल. पण तिथे एक बाई होत्या. हे जे सांगतोय ते त्यांच्यासोबत घडलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःच्या तोंडाने मला सांगितलं. त्या थापा मारणाऱ्यांतल्या नव्हत्या. तारखेशिवाय बोलत नसत.

विज्ञानाच्या मुलांसाठी एक मदतीचं टेबल होतं, त्यावर त्या बसत. लेख कसा शोधायचा, खरा कोणता, भाकड कोणता, संदर्भ कसा लिहायचा, हे पहिल्या वर्षापासून पीएचडीपर्यंत सगळ्यांना त्याच शिकवत. कुणीही समोर आलं की पहिला प्रश्न ठरलेला, "आधी कुठे शोधलंत?" म्हणून मुलांनी त्यांचं नावच 'आधीकुठे' ठेवलं होतं. त्यांना ते माहीत होतं, राग नव्हता. घरी त्या एकट्याच. आई गेल्यापासून दोन खोल्या आणि एक रेडिओ. टेबलावर दिवसभरात पन्नास जण यायचे, पण कुणी बाईंना 'तुम्ही जेवलात का' असं विचारल्याचं मला आठवत नाही. मीही विचारलं नव्हतं.

त्या पन्नासांत पूर्वी एक शेवाळवाला होता. वनस्पतिशास्त्रात पीएचडी करायचा, तिशीतला, उंच, खांदे पाडून चालणारा. खिशात कायम शेवाळाचे वाळके तुकडे. पुस्तकात खूण म्हणूनसुद्धा शेवाळच घालायचा, त्यावरून बाईंनी त्याला दोनदा झापलं होतं. त्याचं म्हणणं असं, की एका जातीचं शेवाळ पंधरा-सोळा वर्षं कोरडं पडलं तरी मरत नाही. वाट बघत राहतं. पाणी लागलं की पुन्हा हिरवं. त्याचे गाइड त्याला हसत. त्याच्या बाजूने बोलणारा एकच जुना लेख होता. एम.एस्सी.ला असताना तो त्याने स्वतः वाचला होता आणि खंड, वर्ष, पान दोनशे बारा, असं वहीत टिपून ठेवलं होतं.

प्रबंध जमा करायच्या वेळी गाइड म्हणाले, लेखाची प्रत आणा. तो टेबलावर आला. तोवर जुनी नियतकालिकं तळघरात गेली होती आणि तिथे वाचकांना प्रवेश नव्हता. बाई स्वतः खाली गेल्या. त्याने लिहिलेला खंड काढला. पान दोनशे बारावर काहीतरी भलतंच. त्या खंडाची सूची पाहिली, दुसऱ्या दोन ग्रंथालयांना पत्रं लिहिली. कुठे काही नाही. तो म्हणाला, "बाई, मी डोळ्यांनी पाहिलाय." आणि मग अगदी हळू, "शेजारचा खंड बघाल का?"

बाई म्हणाल्या, नोंद स्पष्ट आहे, त्याची गरज नाही. बंद व्हायची वेळ झाली होती. त्यांनी चिठ्ठी लिहिली, 'असा लेख आढळला नाही', खाली सही केली आणि त्याच्या हातात दिली.

ती चिठ्ठी समितीपुढे गेली. गाइडने त्याला संदर्भ बनवणारा ठरवला. विज्ञानात यापेक्षा वाईट शिवी नाही, धाकटे. त्याने विद्यापीठ सोडलं, पण गाव सोडलं नाही. मागच्या गल्लीत एका खोलीत राहायचा. त्याच हिवाळ्यात तापाने गेला. चार दिवस कुणाला पत्ता नाही. घरमालक ग्रंथालयाची तीन पुस्तकं परत करायला आला तेव्हा आम्हाला कळलं. बाईंनी शेवटचं पान उघडून तारखा पाहिल्या. तिन्ही मुदतीत होती.

त्यानंतर सोळा वर्षं गेली.

चौदा डिसेंबर, शुक्रवार. सगळं आता कॉम्प्युटरवर मिळतं म्हणून तळघरातले जुने खंड रद्दीत काढायचं ठरलं होतं. गठ्ठे बांधून झाले होते, शनिवारी सकाळी सात वाजता ट्रक येणार होता. परीक्षा जवळ आल्यामुळे मदतीचं टेबल रात्री साडेनऊपर्यंत उघडं. आता मुलं समोर येतच नसत. कॉम्प्युटरवर फॉर्म भरायचा, बाईंनी उत्तर टाइप करायचं. त्या रात्री वाचनगृहात चिटपाखरू नव्हतं. पहारेकरी बाहेर फाटकापाशी. बाईंना एवढंच एक काम उरलं होतं, ते म्हणजे गठ्ठ्यांची यादी तपासून सही करायची.

नऊ वाजून दहा मिनिटांनी एक फॉर्म आला.

नाव, रिकामं. विभाग, वनस्पतिशास्त्र. त्या फॉर्मवर बाईंनी स्वतः एक रकाना घालून घेतला होता, 'आधी कुठे शोधलंत?' त्यात लिहिलं होतं, 'तुम्हीच शोधलं होतं.'

आणि खाली प्रश्न.

'शेजारचा खंड बघाल का?'

बाईंना आधी वाटलं, कुणीतरी चेष्टा करतंय. पण करणार कोण? हे वाक्य त्या टेबलावर सोळा वर्षांपूर्वी दोघांमध्ये बोललं गेलं होतं. त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं. मलासुद्धा नाही. त्यांनी टाइप केलं, 'आपण कोण?' उत्तर नाही. पाच मिनिटं थांबल्या. मग यादी उचलली, किल्ली घेतली आणि खाली गेल्या. सकाळी हे ऐकताना मी त्यांना म्हटलं, पहारेकऱ्याला तरी हाक मारायची. त्या म्हणाल्या, "मामा, सकाळी सातला ट्रक येणार होता. मी नाही बघितलं तर मग कुणीच नाही."

तळघरात रांगेने रॅक. तिथे नवे दिवे बसवले होते, माणूस हलला की पेटणारे. ज्या गल्लीत तुम्ही शिराल तिथलाच दिवा लागतो. दोन मिनिटं हालचाल नसली की आपोआप विझतो. वीज वाचते.

बाई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभ्या. समोर काळोख. अजून पाऊल टाकलं नव्हतं.

सातव्या गल्लीत दिवा लागला.

त्या तिथेच थांबल्या. "कोण आहे?" ... काही नाही. नव्या वायरिंगचा दोष, असं मनाला सांगितलं आणि पुढे गेल्या. वनस्पतिशास्त्राचे गठ्ठे आठव्या गल्लीत होते. त्या शिरल्या, त्यांचा दिवा लागला. सातवीतला... चालूच होता.

गठ्ठ्याची सुतळी ओली झाल्यासारखी घट्ट बसली होती. नखांनी सोडवली. त्याने लिहिलेला खंड बाजूला ठेवला, त्याच्या पुढच्या वर्षाचा उचलला. जमिनीवर बसल्या. मांडीवर उघडला. पानं उलटत गेल्या. शेवटाकडे मध्येच पानांचे आकडे बदलले. दोनशे एक. दोनशे दोन. आदल्या वर्षाची एक पुरवणी, स्वतःचे पानांचे आकडे आणि आदल्याच खंडाचा क्रमांक छापलेली, भलत्याच खंडात शिवली गेली होती.

दोनशे बारा.

लेख होता. तोच. मथळा तोच, वर्ष तेच, त्याने लिहिलेलं अक्षर न् अक्षर बरोबर. आणि पानांच्या बेचक्यात शेवाळाचा एक तुकडा. तपकिरी. इतका वाळलेला की बोट लागताच कड चुरली.

बाई बसून राहिल्या. किती वेळ, त्यांना सांगता येत नाही. हलल्या नाहीत. त्यामुळे त्यांचा दिवा विझला.

सातवीतला विझला नाही.

रॅकच्या फटींतून उजेड येत होता. तो दिवा चालू राहायचा तर तिथे... कुणीतरी हलायला हवं. आवाज नव्हता. पाऊल नाही. श्वास नाही. फक्त उजेड. आणि त्या उजेडात मध्ये काहीतरी. उंच. खांदे पाडून उभं.

बाईंनी पाहिलं नाही. मान वळवली नाही. खंड छातीशी धरला. ओरडावं असं वाटलं नाही, असं त्या म्हणाल्या. भीती होती. पण भीतीपेक्षा लाज जास्त होती.

"आहे," त्या म्हणाल्या. "लेख आहे. तुमची नोंद बरोबर होती. मी बघायला हवं होतं."

...

...

सातवीतला दिवा विझला. मग सहावीत लागला. विझला. पाचवी. चौथी. सावकाश, कसलीच घाई नसलेला माणूस निघावा तसा. पहिल्या गल्लीत लागला, जिन्यापाशी. तो बराच वेळ राहिला.

मग विझला.

बाई चाचपडत वर आल्या. खंड आपल्या टेबलाच्या खणात ठेवला, कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि घरी गेल्या. रात्रभर रेडिओ चालू ठेवला म्हणाल्या, माणसाचा आवाज हवा म्हणून.

सकाळी साडेसहाला मला फोन. मी गेलो तेव्हा ट्रक फाटकात उभा होता आणि बाई टेबलापाशी. त्यांनी हे सगळं सांगितलं, तुम्हाला सांगतोय तसंच. मग कुलूप काढून खंड माझ्या हातात दिला आणि विचारलं, ही पुरवणी इथे कशी आली?

आता ऐका, हे मी आजवर तुमच्या आईलाही सांगितलेलं नाही. मी तो खंड उलटा केला, पाठ बघितली. शिवणीची गाठ बघितली. दर बाइंडरची गाठ वेगळी असते. माझी डावीकडे पडते.

नोकरीचं माझं दुसरं वर्ष. पुरवण्या पोस्टाने उशिरा यायच्या. त्या वर्षाचा खंड शिवून झाला होता, तो उसवायचा म्हणजे अख्खा दिवस. मी ती टेबलावर जो खंड होता त्यात घालून शिवून टाकली. कोण बघतंय, म्हटलं. दहा मिनिटांचं काम झालं. त्या दहा मिनिटांत एक माणूस खोटा ठरला आणि मी त्याला शेवाळवाला म्हणून हसत राहिलो.

मी बाईंना खरं सांगितलं. त्यांनी खंड जवळ ओढून शिवणीवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "चुकीचं तुम्ही शिवलंत. पण 'नाही' मी म्हटलं." त्यांनी नवी चिठ्ठी लिहिली, 'लेख आढळला', तारीख घातली, सही केली. आणि पेन तसंच हातात धरून माझ्याकडे बघितलं. "मामा, ही द्यायची कुणाला?"

गाइड केव्हाच निवृत्त होऊन गेले होते. घरमालकाने खोली विकली होती. त्याचं माणूस असं कुणी आम्हाला माहीतच नव्हतं. शेवटी त्या म्हणाल्या, पान दोनशे बारावरच ठेवू. निदान जागा तरी बरोबर.

मी खंड उघडला.

शेवाळ हिरवं होतं.

गर्द हिरवं. फुललेलं, ओलं, टोकांवर पाण्याचे बारीक थेंब. बाई खुर्चीत बसल्या. त्यांनी आदल्या रात्री ते चुरताना पाहिलं होतं, स्वतःच्या बोटाने. खण कुलूपबंद होता, किल्ली त्यांच्याकडे.

कुणीतरी पाणी घातलं असेल, म्हणशील. मलाही तेच वाटलं, धाकटे. म्हणून मी तो तुकडा उचलून खालच्या कागदावर अंगठा फिरवला. एकतीस वर्षं कागद हाताळलाय मी. थेंबभर पाणी लागून वाळलेलं पानसुद्धा मला अंगठ्याला कळतं, ते पुन्हा कधी सपाट होत नाही.

कागद कोरडा होता. सपाट होता. त्याला कधीच पाणी लागलं नव्हतं.