चिंचेत बुडवलेला वस्तरा

घाटकोपरच्या चावीवाल्याने वस्तरा बोटाच्या टोकाने परत सरकवला. “ताई, भंगारात द्या.”

चेतनाचा चेहरा उतरला. तेवढ्यात मागून कुणीतरी विचारलं, “चिंचेत बुडवलात ना?”

ती वळली. हातात किल्ली घेऊन उभा असलेला एक उंच तरुण. शर्टाला तेलाचे डाग, डोळ्यांत नको तेवढं हसू.

“तुम्हाला कुणी विचारलं?”

“कुणी नाही. पण पातं असं काळवंडतं ते चिंचेनेच. रात्रभर ठेवलंत?”

“दोन रात्री...” ती म्हणाली, आणि स्वतःवरच चिडली.

घरातली तांब्यापितळेची भांडी घासावीत, तसा ती आजोबांचा वस्तरा लखलखीत करायला गेली होती. पात्याला खड्डे पडले, शिंगाची मूठ फुगून तडकली. भाऊराव आजोबांच्या त्या वस्तऱ्यानेच घरातल्या प्रत्येक नवरदेवाची हळदीच्या सकाळी दाढी व्हायची, तीही बापाच्या हातून. बारा दिवसांनी तिच्या धाकट्या भावाची, चैतन्यची पाळी होती. आणि सोनूआजीला अजून पत्ता नव्हता. आजीची जीभ त्या वस्तऱ्याहून धारदार, शिवाय तिला कधी गंज चढला नव्हता.

“मला द्या. मी सम्यक. कांजूरला गाळा आहे माझा, छापखान्यांची कागद कापायची पाती घासतो.” त्याने हात पुढे केला.

चेतनाने वस्तरा टपरीच्या फळीवर ठेवला. “उचला. धारेची वस्तू हातात देत नाहीत. भांडण होतं.”

“ओळख नाही पाळख नाही, भांडण कशावरून होणार?”

“आत्ता चाललंय की.”

मग ऑफिस सुटलं की तिची पावलं कांजूरकडे वळू लागली. वस्तऱ्याची तब्येत विचारायला जाते, असं ती स्वतःला सांगायची. सम्यक पात्याला तेल लावायचा, बारीक दगडावर अलगद फिरवायचा... आणि दिवसाला केसभर काम पुढे सरकायचं.

“इतकं हळू? लग्न याच वर्षी आहे रे.”

“घाई केली तर पातं पातळ होईल.” तो मान खालीच घालून म्हणाला, “आणि तुझं येणं बंद होईल.”

चेतनाने दगडाकडे असं काही पाहिलं, जणू तो दगडच बोलला.

नवव्या दिवशी मुठीत पितळेची नवी खीळ बसली, तड बुजली. धार अशी, की मनगटावरची लव नुसत्या स्पर्शाने उडाली. पण पात्यावर तीन डाग राहिलेच.

“हे काढले तर पातंच उरणार नाही,” सम्यक म्हणाला. “आजींना सांगून टाक.”

“तू ओळखत नाहीस तिला.”

“मग ओळख करून दे. हळदीच्या सकाळी मीच घेऊन येतो. शेवटची धार तिथे लावेन.”

आला. इस्त्रीचा शर्ट, केसांचा भांग, हातात चामड्याचा पट्टा. चैतन्य तोंडाला साबण फासून पाटावर बसला होता. आजीने वस्तरा उचलून उजेडात धरला.

“चिंच का गं?”

“...हो, आजी.”

“आणि हे आडवे ओरखडे बघ. लग्न होऊन आले, तिसऱ्या दिवशी मी राखेने घासला होता. तुझे आजोबा महिनाभर दाढी वाढवून हिंडले, पण मला एका शब्दाने बोलले नाहीत.” आजीची नजर सम्यकवर गेली. “हा कोण?”

“धार लावतो,” चेतना पुटपुटली.

“धार लावायला एवढं नटून?”

सम्यकचे कान लाल झाले. त्याने वस्तरा पट्ट्यावर चार वेळा फिरवला आणि सवयीने पाटाशेजारी खाली ठेवायला वाकला. चेतनाने तळहात पुढे केला.

“हातात दे.”

तो थबकला. “भांडण होईल.”

“होऊ दे... मला रोज भांडायचंय. तुझ्याशीच.”

सम्यकने वस्तरा मिटून, मुठीकडून, तिच्या तळहातावर ठेवला. बोटं मात्र लगेच उचलली नाहीत.

“पोरांनो,” आजी म्हणाली, “तुमचं भांडण जन्मभर पुरेल. आधी तो वस्तरा तुझ्या बापाकडे दे, नवरदेवाचा साबण वाळतोय.”